दहा करवल्या, पाच दिवे

(पावसाळ्याआधीचे कार्यकर्ता शिबिर यंदा घोडेगाव येथे झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी केलेले हे भाषण काही जणींच्या आग्रहावरून येथे छापत आहोत.)



शिबिरातल्या या सकाळच्या तासाला एरवी कोणी पाळक येऊन वचन सांगतात. यंदा ते काम माझ्याकडे आले आहे. आपल्यात ख्रिस्ती थोडे आहेत. बालवाडीच्या ताया, आरोग्यसेविका, बचत गटांच्या बाया यांतल्या बहुतेक जणी महादेव कोळी आणि ठाकर घरांतल्या, आपापले देव मानणाऱ्या. तेव्हा मी उपदेश करत नाही. एक चित्र दाखवते आणि त्यातली गोष्ट सांगते. गोष्ट बायबलातली आहे, पण तिच्यावरचा खरा प्रश्न आपल्या डोंगरातल्या बायांनी विचारला, आणि त्याचा आपल्या यंदाच्या कामाशी थेट संबंध आहे.

आधी एका शब्दाविषयी. प्रभू येशू शिकवताना ज्या लहान लहान गोष्टी सांगत, त्यांना मराठी बायबलात ‘दाखला’ म्हणतात. पेरणाऱ्याचा दाखला, हरवलेल्या मेंढराचा दाखला, दहा कुमारींचा दाखला. मी ‘दाखला’ म्हटले की इथल्या निम्म्या लोकांच्या डोळ्यांपुढे मेंढरू येत नाही, सरकारी कचेरीची खिडकी येते. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला. हसा, हसा. आज आपल्याला दोन्ही प्रकारच्या दाखल्यांशी काम आहे.

आता हे भिंतीवरचे चित्र. आपण लावली आहे ती मोठी करून छापलेली प्रत. मूळ चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे, कागदावर जलरंगात काढलेले, जेमतेम फूटभर रुंद आणि त्याहून किंचित उंच. काढणारा विल्यम ब्लेक. जन्म लंडनमध्ये १७५७ साली, मृत्यू तिथेच १८२७ साली. हे चित्र १८०० सालाच्या आगेमागे काढलेले आहे, म्हणजे आपल्या पुण्यात अजून पेशवाई होती तेव्हाचे.

कोणी म्हणेल, ताई, गोऱ्या बायांचे चित्र कशाला आणले? आपल्या पुण्यात चित्रकार नव्हते का? होते ना. अँजेलो द फोन्सेका हे नाव तुम्ही लक्षात ठेवा. गोव्यात १९०२ साली जन्मले. मुंबईच्या जे. जे. स्कूलमधले विलायती वळण त्यांना मानवले नाही, म्हणून बंगालमध्ये अवनींद्रनाथ टागोरांच्या परंपरेत जाऊन शिकले. कागद भिजवायचा, पातळ रंगाचा हात द्यायचा, वाळला की पुन्हा वर दुसरा हात द्यायचा, अशी ती रीत. त्यांनी मरियेला साडी नेसवली, आपल्यासारखी बाई म्हणून रंगवली. गोव्यात त्यावर टीका झाली. मग ते पुण्याला शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात येऊन राहिले, आयुष्याचा मोठा भाग तिथेच काढला आणि १९६७ साली पुण्यातच वारले. त्यांची चित्रे मला फार प्रिय आहेत. ती पाहिली की शुभवर्तमान आपल्या अंगणात आल्यासारखे वाटते. तरी आज मी ब्लेक आणला, कारण या एका चित्राने मला जेवढे अडचणीत टाकले तेवढे फोन्सेकांच्या कुठल्याही चित्राने टाकलेले नाही.

ब्लेक मोठ्या घरचा नव्हता. बाप मोजे विकणारा दुकानदार. ब्लेक तांब्याच्या पत्र्यावर चित्रे कोरून ती छापण्याचा धंदा शिकला आणि जन्मभर त्यावर कसाबसा जगला. १७८२ साली त्याचे लग्न कॅथरीन नावाच्या मुलीशी झाले. तिला लिहिता येत नव्हते. चर्चच्या नोंदवहीत तिने सहीच्या जागी फुली मारली. आपल्याकडे अंगठा लावतात तशी. नंतर नवऱ्याने तिला लिहावाचायला शिकवले, छापण्याचे आणि रंग भरण्याचे काम शिकवले, आणि ती जन्मभर त्याच्याबरोबर ते करत राहिली. बचत गटाच्या वहीवर पहिल्यांदा सही करताना ज्यांचा हात कापला होता, त्यांनी ही बाई ध्यानात ठेवावी.

ब्लेकची चित्रे घेणारे लोक फार थोडे. त्यांत एक टॉमस बट्स नावाचा सरकारी कारकून होता. त्याने १७९९ पासून बायबलमधल्या प्रसंगांची लहान चित्रे एक गिनीला एक या दराने मागवायला सुरुवात केली, आणि पुढे बरीच वर्षे तो घेत राहिला. हे चित्र त्याच्यासाठीच काढलेले. पुढे सर टॉमस लॉरेन्स या त्या काळच्या बड्या चित्रकाराने याची आणखी एक प्रत ब्लेककडून काढवून घेतली. एका कारकुनाच्या आधाराने एवढे काम उभे राहिले, ही गोष्ट आपल्या देणगीदारांना सांगण्यासारखी आहे. असो.

गोष्ट मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात आहे. लग्नघर आहे. नवरदेव यायचा आहे. त्याला सामोरे जायला दहा मुली दिवे घेऊन निघाल्या. आपल्या भाषेत करवल्या. आपल्याकडे करवली शकुनाचा दिवा धरून उभी राहते, तसेच समजा. पाच जणींनी दिव्याबरोबर तेलाचे वेगळे भांडेही घेतले, पाच जणींनी नुसता दिवा घेतला. नवरदेवाला उशीर झाला. (आपल्याकडे कुठला वेळेवर येतो?) वाट बघता बघता सगळ्यांचाच डोळा लागला. शहाण्यांचासुद्धा, हे बहुतेक जण विसरतात. मध्यरात्री ओरडा झाला, नवरदेव आला, चला. सगळ्या उठून दिवे सारखे करू लागल्या, तो पाच जणींचे दिवे विझत आलेले. त्यांनी दुसऱ्या पाच जणींकडे तेल मागितले. त्या म्हणाल्या, आम्हालाही पुरणार नाही आणि तुम्हालाही. विकणाऱ्याकडे जाऊन घेऊन या. त्या गेल्या, आणि तेवढ्यात नवरदेव आला. ज्या तयार होत्या त्या त्याच्याबरोबर मांडवात गेल्या, दार लागले. उरलेल्या मागून आल्या, दार ठोठावले. आतून उत्तर आले, मी तुम्हाला ओळखत नाही.

आता चित्र बघा. डाव्या बाजूला पाच शहाण्या. सरळ, ताठ, खांबांसारख्या ओळीने उभ्या. दिवे पेटलेले. अंगावरच्या झग्यांच्या चुण्यासुद्धा सरळ खाली उतरतात. उजव्या बाजूला उरलेल्या पाच. त्यांतली एकही ताठ नाही. कोणी गुडघ्यांवर आली आहे, कोणी हात पसरले आहेत, कोणी कपाळाला हात लावला आहे. वर आकाशात एक देवदूत आडवा उडत कर्णा वाजवतो आहे. मत्तयाच्या दाखल्यात कर्णा नाही, नुसता ओरडा आहे. कर्णा ब्लेकने जगाच्या शेवटच्या दिवसाच्या वर्णनातून आणला. ही रात्र कुठली आहे हे बघणाऱ्याला कळावे म्हणून. मागे काळोख आणि काळ्या टेकड्या.

आणि चित्रात काय नाही तेही बघा. नवरदेव नाही. लागलेले दार नाही. बाकीचे चित्रकार ते दार काढतात, कारण गोष्ट तिथे संपते. ब्लेकने तेल मागण्याचा क्षण धरला आहे. दहाही जणी अजून बाहेरच आहेत, एकाच काळोखात, एकमेकींपासून हातभर अंतरावर. आणि सगळ्यात पुढची शहाणी हात लांब करून वाट दाखवते आहे, तिकडे जा.

हा पुढे केलेला हात मला फार वर्षे खुपला नव्हता. धर्मशिक्षणाच्या पदविकेला असताना आम्हाला शिकवले होते की दाखल्याचा मुद्दा एक असतो, त्यातल्या प्रत्येक वस्तूला पिळून अर्थ काढू नये. इथे मुद्दा तयारीचा आहे. तेल म्हणजे माणसाची स्वतःची तयारी, त्याचा विश्वास, आणि तो ऐन वेळी उसना मिळत नाही. ही शिकवण बरोबर आहे. मी ती मोडीत काढत नाही.

डिंभ्याच्या पाण्याच्या वरच्या अंगाला एका वाडीत बचत गटाची बैठक होती. काम उरकले, चहा व्हायचा होता, आणि माझ्या पिशवीत हे चित्र गुंडाळलेले होते. एकीने विचारले, ताई, कॅलेंडर आहे का? मी उलगडून दाखवले आणि गोष्ट सांगितली, आत्ता सांगितली तशीच. पुढचा पाऊण तास मला बोलायला जागा मिळाली नाही.

पहिली हरकत तेलावरच. “त्याल नाही म्हणायचं? आमच्यात असं कोणी म्हणत नाही ताई.” खरेच आहे. खुरासणी घाण्यावर देऊन तेल काढून आणले की शेजारी वाटी जाते, आणि शेजारणीची वाटी रिकामी परत येत नाही. मीठ, तेल, विस्तव मागायला आलेल्या बाईला दारातून परत पाठवणे ही डोंगरात निंदेची गोष्ट आहे. एक जण तर म्हणाली, या पाच जणींना शहाण्या कोणी म्हटले?

तिला एका आजीने अडवले. सत्तरीच्या पुढची, आयुष्यात शाळेची पायरी न चढलेली. म्हणाली, “अगं, पाच दिव्यांचं त्याल दहांत घातलं तर अर्ध्या वाटंत दहाही इझतील. मग नवरदेव अंधारात यायचा का?” मी चकित झाले. शहाण्यांचा सगळा युक्तिवाद तिने एका दमात सांगितला. त्या कंजूष नव्हत्या, लग्नघराचा विचार करत होत्या. थोडे सगळ्यांना देऊन सगळ्यांचेच विझवायचे, हे शहाणपण नव्हे. ज्यांनी दुष्काळात बी-बियाण्याची कणगी राखली आहे त्यांना हे सांगावे लागत नाही.

तिसरी बोलली ती तरणी सून होती, कडेवर पोर. ती म्हणाली, “पण त्याल कशाला वाटायचं? दोघींनी एका दिव्यात चालायचं.”

सगळ्या गप्प झाल्या. मग एकदम सगळ्याच बोलू लागल्या. कारण घाटाच्या वाटेवर सगळेच असे चालतात. आश्रमशाळेतून सुट्टीला घरी निघालेल्या मुलींच्या घोळक्यात एक बॅटरी असते, तीच पुढे असते आणि बाकीच्या तिच्या पायावर पाय देत येतात. बाळंतपणाला दवाखान्यात नेताना डोलीपुढे एकच माणूस उजेड धरतो, चार जण खांदा देतात, मागून बाया येतात. प्रत्येकाकडे दिवा कुठे असतो? त्या दहा जणींना पाच दिवे पुरले असते. तेलाचा थेंबही कमी झाला नसता. नवरदेव यायच्या घटकेला ज्या पाच जणी तेल आणायला पळाल्या, त्यांचा खरा घात तिथे झाला. आणि पळा म्हणून सांगितले कोणी? या पुढे केलेल्या हाताने.

त्या दिवसापासून मला या चित्रात दोन घोळक्यांमधली ती हातभर जागा आधी दिसते. ब्लेकने ती मुद्दाम ठेवली असेल की नुसती शिस्त विरुद्ध गोंधळ दाखवायला ठेवली असेल, यावर मी भांडणार नाही. पण चित्र नीट बघितले तर डावीकडच्या बाया सुंदर आहेत आणि उजवीकडच्या जिवंत आहेत. डावीकडे कोणाच्या तोंडावर काळजी नाही. रडणारी, विनवणारी माणसे सगळी उजवीकडे. ज्याने जन्मभर उधारी आणि उपेक्षा सोसली त्याच्या हातून हे असे उतरावे याचे मला नवल वाटत नाही.

आता ज्यांनी बायबल वाचले आहे ते मला अडवतील, की बाई, प्रभूने स्वतः शहाण्यांना शहाण्या म्हटले आहे, तुम्ही कोण दुरुस्ती करणार? मी दुरुस्ती करत नाही. मी एवढेच म्हणते की अध्याय तिथे संपत नाही, पुढे वाचा. त्याच पंचविसाव्या अध्यायात पुढे रुपयांचा दाखला आहे आणि शेवटी मेंढरे व शेरडे यांचा न्याय आहे. तिथे राजा कोणाला आत घेतो? ज्यांनी भुकेल्याला खायला दिले, उघड्याला वस्त्र दिले, आजाऱ्याला भेट दिली त्यांना. तिथे कोणी कोणाला बाजाराकडे बोट दाखवून बरे ठरलेले नाही. दोन्ही गोष्टी सांगणारा एकच, आणि त्याने त्या पाठोपाठ सांगितल्या. तयारी ठेवा, आणि ज्याची तयारी नाही त्याला टाकू नका. या दोन्हींतली एकच ऐकणे सोपे आहे. अनेक उपदेशक तेच करतात.

आणि एका प्रकारच्या उपदेशाची मला चीड आहे, तेही बोलून टाकते. हा दाखला घेऊन काही लोक आपल्या भागात येतात आणि आदिवासींना पाच मूर्ख कुमारी ठरवतात. म्हणे यांना उद्याचा विचार नाही, लग्नात पैसा उडवतात, शिल्लक ठेवत नाहीत. त्या पाच जणी दिवे घेऊन आल्या होत्या, वेळेवर आल्या होत्या, रात्रभर थांबल्या होत्या. झोपल्या, तर शहाण्याही झोपल्या. फरक एकच, त्यांच्याकडे जादा भांडे नव्हते. जादा भांडे कोणाकडे असते, याचा विचार उपदेशकांनी एकदा बाळहिरड्याच्या हंगामात येऊन करावा. भर उन्हात जंगलात हिंडून हिरडा गोळा होतो, वाळतो, विकला जातो आणि पावसाच्या तोंडाला त्या पैशातून बी, मीठ, छपराचा कागद आणि पोरांच्या वह्या येतात. जूनमध्ये हातात काय उरते ते तुम्हाला माहीत आहे.

म्हणून आता दुसऱ्या दाखल्याकडे येते.

जुन्नरच्या पश्चिमेच्या एका गावातली मुलगी, महादेव कोळी. बारावी विज्ञान चांगल्या गुणांनी झाली. तिला नर्सिंगला जायचे होते. जातीचा दाखला हातात होता, पण प्रवेशाला जात वैधता प्रमाणपत्र लागते. ते अनुसूचित जमाती प्रमाणपत्र तपासणी समितीकडून येते आणि त्याला पुरावे लागतात. कुटुंब ६ सप्टेंबर १९५० च्या आधीपासून महाराष्ट्रातले, त्या जमातीचे, हे दाखवायचे. आजोबांच्या शाळेच्या नोंदवहीचा उतारा, कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद, जुना सातबारा, फेरफार. वंशावळ, तीही शपथपत्रावर. हे सगळे गोळा करायला तिच्या बापाने निकालानंतर सुरुवात केली. मजुरी बुडवून त्याने खेटे घातले. एका ठिकाणी सांगितले नोंदवही जीर्ण आहे, दुसऱ्या ठिकाणी सांगितले साहेब दौऱ्यावर आहेत. आजोबांची नोंद सापडली तर तिच्यात नुसते ‘कोळी’ लिहिलेले. जुन्या काळी लिहिणाऱ्या मास्तराने एक शब्द कमी लिहिला, आणि सत्तर वर्षांनी नातीला तो शब्द सिद्ध करावा लागला. प्रवेशाची मुदत संपली त्यानंतर तिचे प्रमाणपत्र आले. तेल मिळाले तेव्हा दार लागले होते. ती त्या वर्षी नारायणगावच्या बाजूला टोमॅटो तोडायला गेली.

काहींचे पुरावे तर पाण्याखाली आणि मातीखाली आहेत. ज्या गावावरून आंबेगाव तालुक्याला नाव मिळाले ते जुने आंबेगावच डिंभे धरणात गेले. ती गावे उठली तेव्हा कोणाच्या पेट्या कुठे गेल्या, कोणाची शाळा कुठे गेली. आणि माळीण आपण कोणीच विसरलेलो नाही. ३० जुलै २०१४, सकाळची वेळ, १५१ माणसे. जिथे माणूस राहिला नाही तिथे कागदाचे दुःख काय करायचे, पण मागे उरलेल्या लेकरांना पुढे कागद लागतोच.

आता दोघींनी एका दिव्यात चालायचे म्हणजे काय, ते मी या मुलीच्या घरावरूनच सांगते. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कोणाची वैधता झालेली असेल, बापाची, चुलत्याची, चुलत भावाची, तर ती समितीपुढे वजनदार पुरावा ठरते. म्हणजे भावकीत एक दिवा पेटला की त्याच्या उजेडात दुसऱ्यांना चालता येते. तेल वाटावे लागत नाही. पण या मुलीच्या भावकीत एकाची वैधता आधीच झालेली होती, आणि ती त्यांनी दिली नाही. दुष्टपणाने नाही. घरातला मुलगा त्याच कागदावर नोकरीला लागलेला. त्यांना वाटले, यांच्या प्रकरणात काही खुसपट निघाले तर आपलीही चौकशी नव्याने उघडेल, पोराची नोकरी जाईल. आम्हालाही पुरणार नाही आणि तुम्हालाही. शब्दसुद्धा जवळजवळ तेच. त्यांच्या भीतीला मी खोटे म्हणणार नाही. वैधता रद्द झालेली घरे त्यांनी पाहिलेली आहेत. पण कागद खरा असेल आणि नाते खरे असेल, तर लपवून ठेवल्याने तो अधिक खरा होत नाही. उलट दोन घरांची वंशावळ एकमेकींशी जुळली की दोन्ही घरांची बाजू भक्कम होते. हे त्यांना त्या वेळी कोणी बसून समजावले नाही. ते काम आपले आहे, आणि ते ऑगस्टमध्ये होत नाही. आत्ता होते.

त्या मुलीचे पुढे काय झाले ते विचाराल. वैधता एकदा मिळाली की ती जन्मभराची, त्यामुळे ती यंदा पुन्हा अर्ज भरते आहे. आणि तिच्या धाकट्या चुलत भावाने अकरावीतच आपले प्रकरण दाखल केले, तिचा कागद जोडून. तिने स्वतः त्याच्याबरोबर जाऊन सगळ्या प्रती काढून दिल्या. शाळेच्या उताऱ्यासाठी कुठल्या टेबलावर जायचे, कोतवाल बुकाची नक्कल मागताना अर्जात काय लिहायचे, हे त्या घरात आता तिच्याइतके कोणाला माहीत नाही.

याद्या करताना मला तुमच्याकडून काय हवे आहे ते सांगते. दहावी झालेली आणि अकरावीत जाणारी मुले-मुली आधी घ्या. बारावीची त्यानंतर, कारण त्यांच्यासाठी घाई आहे पण वेळही कमी आहे. प्रत्येक नावापुढे आजोबांचे पूर्ण नाव, ते कुठल्या शाळेत गेले असतील ती शाळा, आणि भावकीत कोणाची वैधता झाली आहे का, हे लिहा. शेवटचा रकाना रिकामा ठेवून आणू नका. विचारायला जड जाईल. ‘आमच्यात कोणाची नाही’ असे उत्तर आले तर एकदा मान हलवून उठू नका, बाईमाणसाशी स्वतंत्र बोला. माहेरवाशिणीला भावकीतल्या गोष्टी पुरुषांपेक्षा जास्त ठाऊक असतात. ज्यांच्याकडे वैधता आहे त्यांना मी स्वतः भेटायला येईन. त्यांच्यावर दडपण आणायचे नाही, पण त्यांना एकट्याने ठरवायलाही सोडायचे नाही. वंशावळ काढायला दोन्ही घरे एका ओसरीवर बसली पाहिजेत. कातकरी कुटुंबांची यादी वेगळी करा. त्यांच्यात जन्माची नोंदसुद्धा नसलेली माणसे भेटतात आणि त्यांचे काम पहिल्या पायरीपासून करावे लागते. समितीच्या दक्षता पथकाची माणसे घरी चौकशीला येतात तेव्हा घाबरून दार लावून घेणारी घरे आहेत. त्या दिवशी आपल्यातले कोणीतरी त्या घरी असावे. बोलायला नाही, बसायला.

ही सगळी धावपळ भाताच्या लावणीच्या आधी व्हायला हवी. एकदा बाया चिखलात उतरल्या की महिनाभर कोणी कागदाकडे बघणार नाही, आणि त्यांनी बघूही नये.

त्या आजीचा एक प्रश्न माझ्याकडे अजून पडून आहे. चित्र गुंडाळताना तिने विचारले, “त्या पाच जणींनी तेल आणलं ना? मग दाराबाहेर त्यांच्या हातात पेटते दिवे होते. त्या उजेडात त्यांनी काय केलं?” मत्तय त्यावर काही सांगत नाही. मी तिला तसे सांगितले. ती म्हणाली, “घरी गेल्या असतील एकमेकींना धरून.”

चहा तयार आहे असे मागून खुणावत आहेत. याद्यांचे कोरे कागद दारापाशी ठेवले आहेत, जुन्नरचे पिवळे, आंबेगावचे पांढरे. चित्र भिंतीवर राहू द्या. जेवणाआधी जवळ जाऊन बघा, छापील प्रतीला हात लावला तरी चालेल.